नवमीला काढलेली वायर

३ ऑक्टो., शुक्र.
परवा, खंडेनवमीच्या सकाळी, शाळेच्या ऑफिसात यंत्रांची पूजा मीच मांडली. दरसालसारख्या सगळ्या वायरी काढल्या, प्रिंटर ओल्या फडक्याने पुसला, हळदकुंकू, झेंडूचं फूल. त्या दिवशी यंत्राला काम सांगायचं नाही, म्हणून वायरी तशाच सुट्या ठेवल्या.
आज जोडल्या. प्रिंटरची बहुधा दुसऱ्या भोकात गेली. स्क्रीनवर एकाच प्रिंटरची दोन नावं. जुनं पुसलं. मग शेजारच्या खोलीतून सुनंदाबाईंची प्रिंट येईना. तिथलंही नाव माझ्याच हाताने पुसलं, नव्याने जोडू म्हणून.
आता तिथे एकच ओळ येते. ड्रायव्हर सापडत नाही.

६ ऑक्टो., सोम.
माझा कॉम्प्युटर जुना, त्यात या प्रिंटरचा ड्रायव्हर, म्हणजे तो चालवणारा प्रोग्राम, आहे. बाईंचा नवा. त्यात कॉम्प्युटर पुरवणाऱ्या एजन्सीच्या माणसाने कुठूनतरी आणून घातला होता, तो नावाबरोबर मी पुसला. तो माणूस पुण्याला गेला. फोन लागत नाही.
बाई दर पानाला पेनड्राइव्ह घेऊन माझ्या टेबलापाशी येतात. मुख्याध्यापक सर हसले, "बाबू, पूजा चांगलीच पावली म्हणा प्रिंटरले!" मग त्यांच्याकडे वळून, "बाई, तुमचं टेबल खोलीत हाये का व्हरांड्यात?"
बाई हसल्या नाहीत. कंत्राटी लिपिक आहेत. पुढे ठेवायचं की नाही, ते १५ तारखेला शाळा समिती ठरवणार. घरात कमावणाऱ्या त्या एकट्याच.

८ ऑक्टो., बुध.
कंपनीच्या साइटवर आमच्या मॉडेलपुढे नव्या विंडोजचं नावच नाही. त्याच जातीच्या दुसऱ्या मॉडेलचा ड्रायव्हर घालून पाहिला. प्रिंटर घुरघुरला. वाटलं, झालं. बोनाफाईडच्या जागी नुसत्या चौकटी आणि प्रश्नचिन्हं, पानामागून पान, थांबेचना. शेवटी बटण बंद केलं.
बाई म्हणाल्या, "भाऊ, हे काऊन असं करून राह्यलं जी?"
चौकटींची पानं गोळा करून पाठकोऱ्यांत लावली.

११ ऑक्टो., शनि.
प्रिंटर पिशवीत घालून एसटीने वर्ध्याला. नालवाडीचा दुरुस्तीवाला म्हणाला, "काका, प्रिंटर चांगला, कॉम्प्युटर चांगला. जोडी नाई जमत. ड्रायव्हर आता भेटत नाई याचा." नवा घ्या म्हणे. नव्याचा अर्ज संस्थेत पडून आहे, गेल्या उन्हाळ्यापासून.
येताना मारुतीपुढे उभा राहिलो. काही मागितलं नाही. देवाकडे ड्रायव्हर मागणं बरं दिसेना. बाईंची नोकरी मागावी, तर ती घालवायची तयारी मीच केलेली. जपात लक्ष लागलं नाही.

१३ ऑक्टो., सोम.
सरांना सांगितलं, चूक माझी. वायर मी काढली, नाव मी पुसलं.
"ते ठीक हाये हो बाबू. पण समिती काम पाह्यते, कारण नाई पाह्यत."
बाईंनी दाराआडून ऐकलं असावं. नंतर म्हणाल्या, "तुमी काऊन सांगतलं, भाऊ? पूजेत हात तं म्याबी जोडले होते."
मग पेनड्राइव्ह माझ्यापुढे ठेवत, "जाऊ द्या जी. शिलाई मशीन हाये घरी."
हे शेवटचं सहज म्हणाल्या.

१४ ऑक्टो., मंगळ.
शिपायाच्या आधी पोचलो. माझी रजिस्टरं पेनड्राइव्हवर उतरवली. माझा जुना कॉम्प्युटर आणि प्रिंटर बाईंच्या टेबलावर नेले, त्यांचा नवा माझ्याकडे आणला. वायर नीट पाहून पहिल्याच भोकात घातली, वर कुंकवाचं बोट लावून ठेवलं. प्रिंट आली. पहिल्या फटक्यात, स्वच्छ.
बाईंनी पान उजेडाला धरून पाहिलं. "मंग तुमच्या प्रिंटा?"
"मी येईन ना."
"सर बोलतीन तुमाले."
बोलोत. मी कायम आहे, मला बोलण्यापलीकडे काय करतील.
उद्या समिती. एका दिवसाच्या कामाने मागचे दिवस भरून निघत नाहीत, हे कळतं. सरांनी आज काही विचारलं नाही, पाहिलं मात्र. दिवसभर पेनड्राइव्ह घेऊन व्हरांड्यात मीच होतो.