उंबराचा दट्ट्या

२ ऑगस्ट १९४३, सोमवार

आलं! हैदराबादहून पत्र आलं! उर्दूत आहे. मी तीनदा वाचलं, मग वनमालाला मराठीत करून सांगितलं. १ सप्टेंबरला आदिलाबादेत जलसा आहे. तिथे अव्वल तालुकदारांच्या, म्हणजे जिल्ह्याच्या कलेक्टरांच्या, हातून मला सनद मिळणार — ‘दट्ट्याच्या ईजादीबद्दल’, म्हणजे शोधाबद्दल! वनमालानं पत्र देवापुढे ठेवलं आणि शेरवानीला कसर लागली आहे का ते बघायला पेटी उघडली.

बावीस वर्षं जमिनीला भोकं पाडतो आहे. साऱ्या पंचक्रोशीत माझं नाव ‘बोरवाला’. चंपतराव म्हणणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजावी. आता म्हणतील!

दट्ट्याची हकीकत एकदा नीट लिहून ठेवतो, जलशात विचारलं तर बोलायला बरी. कोळसा कुठे आहे ते बघायला बोर घ्यायचा, आणि बघून झालं की तो बुजवायचा. नाही बुजवला तर उद्या त्याच्याखाली खाण आली की वरचं सगळं पाणी त्या भोकातून माणसांच्या डोक्यावर. म्हणून नियम असा, की तळापासून वरपर्यंत सिमेंट भरायचं. पण लढाई लागली आणि सिमेंट दिसेनासं झालं. तेव्हा मी दट्ट्या काढला. लाकडाचा, निमुळता, कमरेला चामड्याचा पट्टा. नळाच्या टोकाला लावून दीडशे फूट खाली नेऊन ठोकायचा. दोन दिवसांत तो पाण्यानं फुगतो आणि भोकात असा बसतो, की बैलजोडी लावली तरी हलायचा नाही. त्यावर पंधरा फूट सिमेंट, आणि वर मातीचा गारा. बारा पोत्यांचं काम एका पोत्यात! नऊ बोर असे बुजवले आणि नऊही बोरांच्या दाखल्यावर माझी सही आहे.

लाकूड उंबराचं घ्यावं हे डोमाजी सुतारानं सुचवलं. इथे विहीर बांधताना तळाशी उंबराचं चाक बसवतात आणि त्यावर दगड चढवतात. डोमाजीच्या बापानं अशी कितीतरी चाकं घडवली. ‘उंबर पान्यात म्हातारं होत नाई जी. शंभर वर्सं ठेवा.’ मी सागाचं घेणार होतो. बरं झालं ऐकलं.

पत्रात डोमाजीचं नाव नाही. अर्जात मीच घातलं नव्हतं. सुताराचं नाव घालतात का कुठे?

५ ऑगस्ट

नागपंचमी. यंत्र बंद. एक मजूर फिरकला नाही. आज जमिनीत पहार घातली तर नागाला लागते! खाणसुद्धा बंद, वर फक्त पंप चालू. मॅनेजरसाहेब पाय आपटत फिरत होते — ‘लड़ाई के लिए कोयला चाहिए और ये लोग सांप को दूध पिला रहे हैं!’ नवा माणूस आहे. या मुलखात सणाच्या दिवशी जमिनीत कोणी हात घालत नाही, मग तुम्ही कितीही पाय आपटा.

११ ऑगस्ट

बाजारात डोमाजी भेटला. त्याला खाणीत लाकडी टेकू लावण्याचं काम मीच मिळवून दिलं होतं. सध्या नव्या उताराच्या बोगद्यात आहे. वय पन्नाशीच्या पुढे, पण वाकून वाकून आता सत्तरीचा दिसतो.

‘आता तुमी सनदवाले झाले. आमाले ओळखसान का नाई?’

मी म्हटलं, तुला तर बैलगाडीत घालून आदिलाबादला नेतो. हसला. म्हणाला, ‘मी कायले? तुमाले शाल घातली म्हंजे आमालेच घातली.’ खरंच तसं वाटत होतं त्याला. मी वांग्याचा भाव विचारायला पुढे सरकलो.

१६ ऑगस्ट

पाऊस. पाऊस. नाला दोन्ही काठ धरून चालला आहे.

१९ ऑगस्ट

जयवंताबाईची विहीर बसली. खाणीच्या पलीकडे त्या बाईचं कापसाचं रान आहे, त्यातली. सकाळी सगळं दगडी बांधकाम गडगडत खाली गेलं. बाई काठावर उभी राहून मलाच शिव्या देत होती, कारण यंत्रवाला तेवढा मीच तिच्या ओळखीचा.

‘तुमच्या पंपानं माह्या हिरीचं पानी ओढून नेलं न जी! उन्हायाभर तयाचं चाक उघडं पडून राह्यलं. वाळलं, मंग कुजलं. आता वरून पानी आलं तं बसली न हीर!’

चाकाचा एक तुकडा काढून ठेवला होता. उंबराचा. वीतभर जाड. मी छत्रीचं टोक लावलं — शिळ्या भाकरीत जावं तसं आत गेलं.

मी तिथेच चिखलात बसलो. बाईला वाटलं मला भोवळ आली. तिनं शिव्या थांबवल्या आणि तांब्याभर पाणी आणलं. चांगली बाई आहे.

‘आत्ताच डोमाजीबी येऊन पाहून गेला,’ ती म्हणाली. ‘त्याच्या बापानंच घडवलं व्हतं न हे चाक. बराच येळ पाहे.’

बापाच्या हातचं काम मोडलेलं कोणाला बघवतं!

पण मला दुसरंच दिसत होतं. उंबर पाण्यात सडत नाही. पाण्यात! माझे दट्ट्येसुद्धा पाण्यात होते, तेव्हा. आता खाणीचे तीन पंप त्याच जमिनीतलं पाणी उपसत आहेत. मग दट्ट्या कोरडा पडला असेल, आकसला असेल, कुजला असेल. आणि वर पंधरा फुटांचा सिमेंटचा दांडा अधांतरी. जमिनीतलं पाणीच कोणी काढून नेईल हे ना डोमाजीच्या बापाला सुचलं होतं, ना मला. मला सुचायला हवं होतं. पंपाच्या शेजारीच माझं ऑफिस आहे.

२१ ऑगस्ट

जेवण जात नाही.

२६ ऑगस्ट

आज सर्व्हेच्या खोलीत जाऊन नकाशा उलगडला. मुन्शीला सांगितलं, जलशासाठी आकडे पाहिजेत. खोटं बोललो.

नवा उताराचा बोगदा सरळ बोर नंबर चारकडे चालला आहे. नंबर चार नाल्याच्या काठावर, आणि नाला भरून वाहतो आहे. दट्ट्यानं दगा दिला असेल तर ते भोक वरपर्यंत पाण्यानं भरलेलं असणार, आणि बोगद्यानं त्याला टोक लावलं की संपलं. उताराच्या तळाला पाणी शिरलं की माणसं चढायच्या आधी तेच चढतं. खालच्या टोकाला जी माणसं असतील ती वर येत नाहीत. टेकू लावणारा सुतार कायम खालच्या टोकालाच असतो.

आज अंतर चाळीस फूट. बोगदा दिवसाला पाच फूट जातो. म्हणजे आठ दिवसांचं काम. उद्या आणि परवा काम. २९ ला रविवार. ३० ला पोळा, ३१ ला पोळ्याची कर — तीन दिवस कोणी खाली उतरत नाही. पुढे १ ते ४ काम, ५ ला रविवार, मग ६ आणि ७. म्हणजे सात सप्टेंबरपर्यंत धोका नाही. चार वेळा मोजलं.

मॅनेजरसाहेबांना पत्र लिहिलं. सगळं लिहिलं — लाकूड, पंप, विहीर. नऊही बोर पुन्हा उघडून सिमेंट भरावेत, तोवर उताराचं काम बंद ठेवावं. खाली सही केली. आणि पत्र घडी घालून शेरवानीच्या आतल्या खिशात ठेवलं.

आज दिलं असतं तर उद्या तार हैदराबादला गेली असती आणि सनद रद्द. तीन तारखेला परत येतो, त्याच दिवशी देतो. चार दिवस हातात राहतात. माझा हिशेब चुकत नाही. बावीस वर्षांत एकदा, फक्त एकदा शाल अंगावर पडू दे. मग काय व्हायचं ते होवो, नोकरी जाऊ दे.

वनमाला म्हणाली, ‘आनंदाच्या दिवसांत हा असा चेहरा?’ म्हटलं, प्रवासाचा कंटाळा. तिनं शिदोरीला दशम्या करायला घेतल्या.

२८ ऑगस्ट

आज निघालो. मंचेरियलपर्यंत गाडीत, तिथून मोटार.

फाटकावर डोमाजी उभा. पाळी संपवून आलेला, अंगभर काळा, दात तेवढे पांढरे. म्हणाला, ‘आल्यावर एक गोठ बोलाची हाय जी.’

‘आत्ता सांग की.’

‘आत्ता नाई. तुमी खुशीनं जा. आता पोया हाये, पोयाले कोन खाली जाते? घाई नाई काई.’

मला वाटलं पगारवाढ मागायची असेल. म्हटलं, मलाही तुझ्याशी बोलायचं आहे. तेवढं बोलून गाडीत बसलो. पत्र छातीशी टोचत होतं.

१ सप्टेंबर, आदिलाबाद

मिळाली. शाल, सनद, आणि टाळ्या. तालुकदारसाहेबांनी हात मिळवला आणि विचारलं, ‘ये ख़याल आपको आया कैसे?’ मी म्हणालो, ‘विहिरीवरून.’ डोमाजीचं नाव ओठावर होतं. तेवढ्यात पुढच्याचं नाव पुकारलं.

जलेबी खाल्ली. तुपातली होती.

३ सप्टेंबर

उताराचा बोगदा बुडाला. परवा नाही, तेरवा — ३१ ला, करीच्या दिवशी, दुपारी. सात माणसं. डोमाजी त्यात आहे.

मॅनेजरसाहेबांनी पोळ्याची सुट्टीच दिली नाही! जो येणार नाही त्याचं नाव कायमचं कापणार, जो येईल त्याला दुप्पट रोजी. रविवार, पोळा, कर — तिन्ही दिवस दोन-दोन पाळ्या. दिवसाला दहा फूट. माझे चाळीस फूट ३१ लाच संपले.

मी टाळ्या घेत होतो तेव्हा ते एक दिवसापासून पाण्याखाली होते.

पत्र अजून खिशात आहे.

४ सप्टेंबर

चार जणांची प्रेतं वर काढली. डोमाजी नाही सापडला. पंप चालू आहेत. तेच पंप.

५ सप्टेंबर

आज सापडला. हातात टेकू ठोकायची पाचर होती. मी चितेपाशी गेलो, पण पुढे नाही झालो. प्रयागबाई, त्याची बायको, माझ्याकडे बघत होती. रागानं नाही. मला तिच्याकडे बघवलं नाही.

९ सप्टेंबर

मॅनेजरसाहेबांनी कागद तयार केला आहे. ‘अतिवृष्टीने नाल्याचे पाणी अकस्मात शिरले, बोर नंबर चार रीतसर बुजवलेला होता, दोष कोणाचाही नाही.’ बोर रीतसर होता म्हणजे पोळ्याच्या पाळ्यांबद्दल कोणी विचारणार नाही. त्यांना ते पाहिजे. आणि मला?

‘आपकी भी इज़्ज़त का सवाल है,’ साहेब म्हणाले आणि दौत पुढे सरकवली.

सही केली. घरी येऊन पत्र चुलीत घातलं. वनमाला भाकरी थापत होती. कसला कागद म्हणून तिनं विचारलं नाही. सनद तिनं भिंतीवर लावली आहे, मी जेवायला बसतो त्याच्या समोर.

१० सप्टेंबर

मी हलकट माणूस आहे. एवढंच.

१२ सप्टेंबर, रविवार

सकाळी प्रयागबाई आली. ओसरीच्या खालीच बसली, वर ये म्हटलं तर आली नाही. पदराखालून फडक्यात बांधलेलं काहीतरी काढलं आणि माझ्यापुढे ठेवलं. दट्ट्या. सागाचा, तेल पाजलेला, वर-खाली लोखंडी कड्या. बाजूला तापल्या सळईनं चार रेघा ओढलेल्या. नंबर चार.

‘हे जयवंताबाईची हीर पाहून आले, तवापासून घडवत व्हते. म्या म्हटलं, आत्ताच जाऊन सांगा न रावायले. तं म्हनत — नाई, त्यायची सनद होऊन जाऊ दे. उगाच जीवाले घोर लागन त्यायच्या. मंग सांगतो. पोयाभर कोन खाली जाते?’

मी दट्ट्या हातात घेतला.

‘पोयाले काम चालू ठेवलं म्हून कयलं तवा गेले न मुकादमाकडं. हा बोर कच्चा हाये, थांबा म्हने. मुकादम म्हने, बोरावर चंपतरावाची सही हाये, तू सुतार मानूस काय शिकवतं आमाले? नाव कापीन म्हने. मंग उतरले खाली. टेकू तरी बयकट लावतो म्हनले.’

तिनं फडकं झटकलं, घडी केली, कनवटीला खोचलं. उठताना विचारलं, ‘झाली न जी मंग सनद?’

झाली, म्हणालो.