ओल्या जीपला जवसाचं तेल

अहो,

तुम्हाला पत्र लिहायची वेळ कधी आलीच नाही. मला सोडून राहिलात ते आताच, हे दुसरं वर्ष. आज खांदशेकणी, उद्या पोळा, आणि परवा आपली जीप भंगारात जाणार. दुसऱ्या कोणाच्या तोंडून कळण्यापेक्षा मीच सांगते.

आणीबाणी उठली त्या वर्षी तुम्ही ती लष्कराच्या लिलावातून आणलीत. मी भाकरी टाकत होते. बाहेर येऊन बघते तर दरवाजे नाहीत, टप नाही, पत्र्याला भोकं. हे काय उचलून आणलं, असं मी म्हणाले, तर तुम्ही म्हणता, "तिले गाडी नोको म्हणू वं, घरचं जनावर हाये ते."

आणि जनावरासारखंच केलंत तिचं. खांदशेकणीला बैलांबरोबर तिलाही नाल्यावर धुवायचं. सांजेला बैलांच्या खांद्यांना हळद-तूप चोळून झालं, की गोणपाट टाकून तिच्याखाली शिरायचं आणि गंज धरू नये म्हणून चिंधीने जवसाचं तेल लावायचं. फोडणीचं माझं तेल! मी ओरडले की खालून आवाज, "काऊन बोंबलून राह्यली? तिचेही खांदे दुखतेत." सगळी आळी हसायची, मीही हसायचे. आता त्या तेलाच्या वासाने जीव कासावीस होतो.

पावसात रस्ता वाहून गेला की आंजी गावाला तीच एक गाडी. अडलेल्या बायका वर्ध्याला पोचवल्या तिनेच. तिचा जरासा खडखडाट तुम्हाला ऐकू यायचा, मग स्वतःचा खोकला का नाही ऐकू आला? छाती दाखवून या म्हणून किती मागे लागले मी. ऐकलंत?

काल आपला विनू नालवाडीहून आला. म्हणाला, "आई, खालचा पत्रा मजबूत असन तं ठेवू. नाई तं पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याले बोलावतो." मला ती ठेवायची होती हो. आज सकाळी खुरपं घेऊन मीच खाली शिरले, या वयात. म्हटलं, नीट खरवडून तुमच्यासारखंच तेल लावावं.

तेलाचा जाड पापुद्रा निघाला. त्याखाली नाल्याचा गाळ, आणि गाळाखाली पत्राच नाही, नुसता भुगा. खुरपं आरपार गेलं. वेल्डिंग धरायलाही जागा उरली नाही.

श्रावणातल्या दमट हवेत सकाळी धुतलेली गाडी सांजेपर्यंत वाळते कुठे? तुम्ही दरवर्षी ओल्या लोखंडावर तेल चोळत होता, ओल आत कोंडत होता. जिथे तुमचा हात पोचला नाही, तेवढा एखादा कोपरा अजून खणखणीत आहे.

मी गोणपाटावर पडून रडले. गाडीसाठी नाही. एवढ्या मायेने केलेलं असं कसं उलटतं, याचं वाईट वाटलं.

दुपारी विनूने विचारलं, "बाबा एवढं तेल लावत होते, मंग सडली कशी?"

"म्हातारी झाली बाप्पा, दुसरं काय," मी म्हणाले.

तुम्हालाही सांगू नये असं वाटलं होतं. पण तुमच्यापासून मी कधी काही लपवलं आहे का? बाकी विनूला काय, गावाला काय, मी जिवंत आहे तोवर हे कळणार नाही. तुमच्या हातचं तेल होतं म्हणून इतकी वर्षं टिकली, असंच सांगेन सगळ्यांना.

तुमचीच,
सुमन