पत्र्याची चव

३ फेब्रुवारी, शनिवार

धाकट्या भावाने, प्रणवने, आप्पांसाठी माणूस पाठवला. बलेसर. तारापूरच्या कुठल्याशा मेसमध्ये स्वयंपाकी होता. मराठी येत नाही. सहा वर्षं बोईसरात, आणि येत नाही! प्रणव फोनवर म्हणतो, “ताई, तू हिंदी बोल ना, जीभ झिजते का?”

झिजत नाही. विटते. कुणाला सांगितलं तर हसतील, पण भाषेला मला लहानपणापासून चव लागते. इंग्रजी म्हणजे तोंडात धरलेला थर्मामीटर. गुजराती — खाकऱ्यावरचं तूप. आमची माहीम गावची बोली शहाळ्यातल्या कोवळ्या मलईसारखी. आणि हिंदी — गंजका पत्रा. तो “दीदी” म्हणाला आणि मी दात आवळून घेतले.

माझ्या घरात मराठीच. ठरलं.

४ फेब्रुवारी

डॉक्टरांनी आप्पांचं मीठ बंद केलंय. हृदय अशक्त, पाणी साठतं. बलेसरला उभं करून सांगितलं, “आप्पांना मीठ द्यायचं नाही. मीठ, समजलं?” मान हलवली. “जी दीदी, समझ गए.”

त्याच्या हातचं मी खात नाही. माझं मी करते आणि कॉलेजच्या लायब्ररीत कामावर जाताना डबा नेते.

८ फेब्रुवारी

आप्पांचा चहा बिनसाखरेचा. साखर चोरतो की काय? विचारायचं तर हिंदीत विचारावं लागेल. नको.

११ फेब्रुवारी, रविवार

दुपारभर तो आप्पांशी गप्पा मारत होता. आप्पा मोडक्या हिंदीत गावच्या पानवेलींच्या वाडीच्या गोष्टी सांगतात. “वो पान हाय ना, एकदम नाजूक!” हसत होते दोघं. मला राग आला. पोटच्या लेकीशी आप्पा असे हसत नाहीत.

खरं लिहायचं तर — कॉलेजात शिकत असताना हिंदी गाणी मला काला खट्टाच्या गोळ्यासारखी लागायची. तेव्हा पत्रा कुठे होता? जीभ तीच. म्हणजे चव मी नंतर भरली. केव्हा? बोईसरच्या भाजीवाल्याने मला पहिल्यांदा “क्या चाहिए” विचारलं तेव्हा?

लिहिलं खरं. उद्या त्याच्याशी हिंदी बोलेन असं मात्र वाटत नाही.

१५ फेब्रुवारी

आप्पांचे पाय घागरीसारखे सुजलेत. धाप लागली. दवाखान्यात दाखल. डॉक्टर म्हणाले, “मीठ चालूच होतं ना?”

घरी येऊन आप्पांच्या वरणात बोट बुडवलं. खारट!

१६ फेब्रुवारी

त्याला दवाखान्यात बोलावलं, आप्पांच्या खाटेशी. सगळ्या वॉर्डासमोर. नालायक, उपरा, काय काय बोलले.

तो म्हणाला, “आप ही तो बोलीं दीदी, मीठा नहीं देना. हमने चाय तक फीकी कर दी.”

मीठ. मीठा.

एक शब्द — नमक — मी उच्चारला असता तर! बारा दिवस तो शब्द तोंडाला लागू दिला नाही. कळलं. सगळं कळलं. तरी त्याला काढून टाकलं. चूक कळल्यावर माणूस नरमतो म्हणतात. मी आणखी चढले. तो आप्पांच्या पाया पडला. आप्पांनी भिंतीकडे तोंड केलं. मला बरं वाटलं — आपल्या बाजूने आहेत म्हणून.

१९ फेब्रुवारी

प्रणवला फोनवर सगळं सांगितलं. त्याने विचारलं, “त्याला सांगितलंस का, चूक तुझी म्हणून?” मी फोन ठेवला.

२१ फेब्रुवारी, बुधवार

आप्पा घरी. अळणी वरणभात पुढे ठेवला. दोन घास खाऊन थांबले.

“समिधा, बलेसरला बोलव. त्याची चूक नाय.”

“माहीत आहे. माझी आहे.”

“तुजी पन नाय गो. पयल्याच दिशी त्यानं मला इचारलंता, बाबा, नमक चलेगा ना? मीच म्हनलं, चलेगा.”

सगळ्या वॉर्डासमोर मी इतकं बोलले, आणि त्या माणसाने आप्पांचं नाव घेतलं नाही.