कुंतीचं कुंपण

३ फेब्रुवारी
पानं काळी! कंदिलाच्या काचेवर काजळी धरावी तशी. आमच्या आणि थोरल्या जाऊबाईंच्या अंगणामधलं हे पांढऱ्या फुलांच्या कुंतीचं कुंपण – वाटण्या झाल्या तेव्हा जाऊबाईंनी लावलं, आता डोक्यावर गेलंय. हे म्हणाले, "उपटून टाकू. भिंत घालू. कटकट मिटेल."
भिंतीला कुठे फुलं येतात? जाऊबाई वेणी घालताना गुणगुणतात. बोलणं बंद होऊन वर्षं लोटली, पण पानांतून सूर अजून येतो. भिंतीतून येईल?

४ फेब्रुवारी
लेकीला फोन. शहरातल्या बागा बघते ती. "विषारी औषध मारू नकोस हं आई, मधमाश्या मरतील. ती काजळी म्हणजे बुरशी. किडे गोड चिकटा सोडतात, त्यावर वाढते. गर्दी छाट, वारा खेळू दे. आणि साबणाच्या पातळ पाण्याने पानं धू – पाठीमागून!"
ह्यांच्याकडून महिनाअखेरपर्यंत मुदत मागून घेतली.

५ फेब्रुवारी
गर्दी छाटली. आता एकेक पान पुसते आहे. शाळेत वर्गात बोललं की सिस्टर बागेतली पानं पुसायला लावायच्या. "तोंड बंद, हात चालू!" आम्ही तिथेही कुजबुजायचो. आज ओलं फडकं हाती आलं आणि पायांत पुन्हा पांढरे मोजे! ऊन पानांतून हिरवं होऊन अंगावर. दुपार कुठे विरघळली कळलंच नाही.
फक्त कुजबुजायला कोणी नव्हतं.

१५ फेब्रुवारी
पुन्हा काळी! लेक हसली. "अगं, अर्धंच तोंड धुतलंस! किडे पलीकडच्या फांद्यांवर असणार. काकूला सांग ना."
सांग ना म्हणे! वाटण्यांच्या दिवशी जाऊबाई म्हणाल्या होत्या, "तुझं तोंड बघायचं नाही मला."

१६ फेब्रुवारी
मगभर साबणाचं पाणी आणि एक फडकं – छाटलेल्या फटीतून पलीकडे सरकवलं.  आणि तडक घरात आले.

१७ फेब्रुवारी
पाण्याचा मग परत आला. रिकामा. फडकं पिळून, घडी घालून.

२३ फेब्रुवारी
मी ह्या बाजूने, जाऊबाई त्या बाजूने. पाणी ठिबकतं, सूर येतो. एक पान दोघींच्या हातात एकदम आलं – दोघींनी सोडलं! शेंड्यांना पोपटी फूट. ह्यांना सांगितलं. "हो का," म्हणाले, पेपरातून मान न काढता.

२६ फेब्रुवारी
गवंडी दारात! मुदत संपायच्या आत! "दोघा भावांनी मिळून सांगितलंय, बाई." एरवी एकमेकांकडे न बघणारे हे दोघे – भिंतीसाठी मात्र एक झाले. मी कुंपणाला पाठ लावून उभी राहिले.  तोच पाठीमागून, पानांतून –
"त्याला म्हणावं, बायकांना विचारलंय का? जा घरी!"
गवंडी बिचारा सायकल वळवून गेला.
"आणि तू गं, उभी काय राहिलीस? पाण्याचा मग आण. माझा साबण संपलाय."