आमच्या बिबड्यांत राजकारण नाही

ता. २७ जानेवारी १९९७, सोमवार
आजपासून रोज लिहिणार. शाळा चौथीपर्यंतच, पण अध्यक्षीणबाईनं लिहावं. पुढे उपयोग होतो.
आज आमच्या गटाची मीटिंग. गटाच्या बाया मिळून ज्वारीचे बिबडे, म्हणजे मोठाले पापड, करतो, विकतो. ग्रामपंचायतीशेजारच्या मैदानात वाळत घालतो. ते मैदान सरपंच जीवरामनाना भाच्याला कापसाच्या शेडसाठी देणार म्हणे. कुंदाबाई म्हणाली, अक्का, यंदा पंचायतमा बायांची राखीव सीट शे, आपली बेबाबाई उभी करू. बेबाबाई! जी मीटिंगमध्येसुद्धा पदर तोंडावर धरून बोलते.
मी बजावलं, गटात पॉलिटिक्स नको. आपण बिबडे विकू, गट मोठा करू, सरपंच आपोआप हात जोडत येईल. सगळ्या एकमेकींकडे बघत उठल्या. पटलं.

ता. ३० जानेवारी
मधे लिहिलं नाही. डोकं दुखत होतं, बायांमुळे.
नानांकडे मी स्वतः जाऊन आले. म्हणाले, अक्का, खऱ्या समाजकारणी तुम्हीच, बाकी सगळे खुर्चीचे भुकेले. मैदानाचं विचारलं. म्हणाले, तुम्हाला विचारल्याशिवाय तिथली काडी हलणार नाही. चहात दूध भरपूर होतं. माणूस साधा आहे.

ता. ३ फेब्रुवारी, सकाळी
मैदानात लोखंडी खांब येऊन पडले. बाया माझ्या दारात. मी म्हटलं, नाना आपल्याला मांडव घालून देत असतील, सावली होईल. भिकुबाई म्हणाली, बिबडा सावलीत वाळस का अक्का? हिला खोड काढायची सवयच.

संध्याकाळी
युक्ती सुचली. शुक्रवारी निवडणुकीचा फॉर्म भरायची शेवटची तारीख. त्याच दिवशी गटाची सहल काढायची, उनपदेवला, गरम पाण्याच्या कुंडावर. बेबाबाई टेम्पोत, कचेरी एरंडोलात. पुढारीही असंच मेंबर पळवतात. पण ते राजकारण. हे गटाच्या भल्यासाठी.

ता. ७ फेब्रुवारी, शुक्रवार
सहल झकास. बाया म्हणाल्या, अक्का, तू पुढे बठ, तुना मान शे, आम्ही बठ्ठ्या मांगे बठतस. मी ड्रायव्हरशेजारी. मागे सारखी खुसुरफुसुर, मग हसणं, मग गाणी. किती ही एकी! उगाच नाही अध्यक्ष झाले.
कुंडात पाय बुडवतो न बुडवतो तोच कुंदाबाईच्या पोटात कळा. लवकर परत फिरावं लागलं. वाटेत एरंडोलला टेम्पो थांबवायला लावला. बायांना मोकळं व्हायचं होतं. झाडून सगळ्या उतरल्या. मला चल म्हणाल्या. मी कशाला उतरू? पुढची जागा कोणी बळकावली म्हणजे? किती तो वेळ लावला! ड्रायव्हर उगाच हसत होता.
कुंदाबाईच्या कळा मात्र थांबल्या. एरंडोलची हवा चांगली आहे.

ता. ८ फेब्रुवारी
पंचायतीच्या भिंतीवर यादी लागली. त्यात बेबाबाई!! फॉर्म भरला कधी? आमचे हे म्हणाले, टेम्पो कचेरीसमोर उभा होता म्हणे, तू झोपली होतीस का? मी झोपले नव्हते. सीट धरून बसले होते.

ता. १० फेब्रुवारी
बेबाबाईला गटातून काढण्यासाठी मीटिंग बोलावली. मी आले. ठराव पास.

ता. १६ फेब्रुवारी
दारोदार फिरले. मतं देऊ नका, बिबडे करा, असं समजावलं. हा प्रचार नव्हे. ताईबाईनं पाणी दिलं आणि वर म्हणाली, अक्का, आपला पंखा ध्यानमा ठेवजो. पंखा म्हणजे बेबाबाईचं चिन्ह. पाणी अर्धंच प्याले.
खांब आता मैदानात रोवलेत. नाना भेटत नाहीत. निवडणुकीचे दिवस, कामात असतील.

ता. २३ फेब्रुवारी, रविवार
मतदान. मी जाणार नव्हते. कोण कोण जातं ते पाहायला गेले. गेलेच आहे तर शिक्का मारला. पंख्यावर पडला. आत उजेड कमी होता.

ता. २४ फेब्रुवारी
बेबाबाई भरघोस मतांनी आली. गटातली एकही बाई फुटली नाही. ही शिस्त त्यांना लावली कोणी? विजय माझाच आहे. गुलाल लावायला कोणी आलं नाही, विसरल्या असतील.

ता. १ मार्च
पंचायतीची पहिली बैठक. बेबाबाईनं मैदान मागितलं. पदर डोक्यावरच, आवाज मात्र रस्त्यापर्यंत. दारात सगळ्या बाया ठाण मांडून. नाना म्हणाले, जागा तर बायांचीच होती. दुपारी भाच्यानं खांब उपटले.
मग बायांनी तिथंच मैदानात मीटिंग घेतली. बेबाबाई गटात परत. नवी अध्यक्ष कुंदाबाई. मला विचारलं नाही. माझी दगदग त्यांना बघवत नसेल.

ता. ३ मार्च, सोमवार
मैदानात पहिले बिबडे पडले. मी जाणार नव्हते. लांबून पाहत होते, तर कुंदाबाईनं हाक मारली. अक्का, तुना आवाज मोठा शे, तू कावळे हाकल. हातात काठी दिली, बसायला पोतं दिलं. म्हणजे सबंध मैदान माझ्या ताब्यात. हे पद आजवर गटात नव्हतं.
सकाळभर एक कावळा फिरकला नाही. धाक असतो.
दुपारी शेळी आली. मी ओरडले. काठी आपटली. तिनं माझ्याकडे नीट पाहिलं आणि दुसरा बिबडा उचलला.