मीठ आधी कोणी घातलं

॥ श्री ॥
पंचवटी, नाशिक
८ फेब्रुवारी १९९६

चि. संपदास अनेक आशीर्वाद.

तोंडी परीक्षा एक मार्चला ठरली आणि परीक्षक साता समुद्रापलीकडून येणार, हे वाचून आनंद झाला. घाटावर यजमान विचारतात, पुतणी बंगळूरला एवढी वर्षे काय शिकते? मी 'संगणक' म्हणतो आणि घाईने पिंडांकडे वळतो. एकदा मला कळेल असे लिही.

तुझ्या काकूला धाप लागते. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली आहे, म्हणून ती हल्ली खाटेवरून तोंडाने स्वयंपाक करते आणि सूनबाई हाताने. तू यायचे म्हणतेस, पण आधी परीक्षा दे, असा काकूचा निरोप आहे. केसांना तेल लावतेस का, असेही तिने विचारले आहे. धवल ओझरच्या कारखान्यात रात्रपाळी करतो आणि दिवसा घोरतो.

लोभ आहेच, तो पत्रातून कळवत जा.
तुझा काका,
चिंतामण

॥ श्री ॥
बंगळूर
१६ फेब्रुवारी १९९६

ती. काका आणि ती. काकू यांना सा. न. वि. वि.

तेल लावते, असं काकूला सांगा. रविवारी.

काका, माझा विषय असा. पुष्कळ यंत्रं एकाच वेळी काम करतात. प्रत्येकाचं घड्याळ वेगळं आणि एकाचंही दुसऱ्याशी जुळत नाही. म्हणून आम्ही वेळ विचारतच नाही. इथल्या गोष्टीचा निरोप तिथे पोचला असेल, तरच इथली गोष्ट 'आधीची' आणि तिथल्या गोष्टीचं कारण होऊ शकते. निरोप गेलाच नसेल, तर त्या दोन गोष्टींत आधी-नंतर काही नाही. हे सगळं मी गणितात मांडते. तुम्हाला यात नवल वाटू नये. परगावी कोणी गेलं तर बातमी कानावर पडेपर्यंत सुतक नाही, असं तुम्हीच यजमानांना सांगता.

परीक्षकांना मी आपल्या घरचं उदाहरण देणार आहे. धवलदादाच्या मुंजीत आमटीत मीठ दुप्पट पडलं. काकू म्हणते मी घातलं, शेजारच्या यशोदाबाई म्हणतात मी घातलं, आणि दुसऱ्यांदा कोणी घातलं यावरून बावीस वर्षं दोघी कुरकुरतात. एकीने दुसरीला सांगितलं नाही, म्हणून माझ्या गणिताप्रमाणे दोघीही निर्दोष. तरी काकू, आता खरं सांग. मीठ आधी कोणी घातलं?

परीक्षा झाली की येतेच. तोवर माझी आठवण शिळी होऊ देऊ नका.
तुमची,
संपदा

नाशिक
२४ फेब्रुवारी १९९६

चि. संपदा,

पत्र मिळाले. विषय बराचसा समजला. यजमानांना आता सांगता येईल.

इकडे थंडी ओसरली आहे. द्राक्षे बाजारात आली. धवल सध्या रजेवर आहे. परीक्षेकडे लक्ष दे. इकडची काळजी करू नकोस, करण्यासारखे काही नाही. परीक्षा झाल्यावर सविस्तर लिहीन.

चिंतामण

बंगळूर
२ मार्च १९९६

ती. काका,

काल परीक्षा झाली. परीक्षकांना आमटी आवडली. मी उत्तीर्ण झाले.

काकू गेली, हे मला कळलंय. फोनवर मला बोलवणार नाही, म्हणून लिहिते आहे. तुमच्या पत्राच्या माथ्यावर श्री नव्हती आणि आशीर्वादही नव्हता. मजकूर तुम्ही जपून लिहिलात, पण सुतकात श्री लिहायला तुमचा हात वळला नाही. परीक्षेआधी कळवायचं नाही, हे तिनेच बजावलं असणार. म्हणून परीक्षा दिली. तुमच्यावर राग नाही.

मला एकच गोष्ट छळते आहे. काकूने माझा प्रश्न कधी अनुत्तरित ठेवला नाही. तुमच्या पत्रात मिठाचा शब्द नव्हता. म्हणजे माझं पत्र पोचलं तेव्हा ती नव्हती. शेवटचं मी तिला काही विचारलं आणि ते तिने ऐकलंच नाही. यावर माझं गणित बरोबर असलं तरी मला ते नको आहे.

आणखी एक विचारते. मला कोणी सांगितलं नाही, मी आपली समजले. पत्र वाचून उठले आणि डोक्यावरून अंघोळ केली. माझं सुतक कधीपासून धरायचं?

प्रबंधातल्या दुरुस्त्या देऊन पंधरा दिवसांत निघते. मला अंतर देऊ नका.
संपदा

॥ श्री ॥
पंचवटी, नाशिक
७ मार्च १९९६

चि. संपदास अनेक आशीर्वाद, आणि राहिलेले मागचेही.

सुतक तू डोक्यावरून पाणी घेतलेस तेव्हापासून. कोणी सांगितले नाही तरी तुला कळले, ते कळणे खरे. पोथीत सापडले नाही, पण माझ्या अधिकारात सांगतो.

काकू गेल्याचे तू अचूक ओळखलेस. पत्राचे मात्र चुकलीस. तुझे पत्र दुपारी आले आणि ती संध्याकाळी गेली. मी वाचले, तिने पुन्हा वाचायला लावले. मिठापाशी आली आणि इतकी हसली की धाप लागेल म्हणून मी पाठीवर हात ठेवला. मग म्हणाली की तिने मीठ घातलेच नव्हते. यशोदाबाईंनी घातले आणि नंतर पाच वर्षांची संपी मूठभर टाकून, फ्रॉकला हात पुसत पळाली. पोरीची आई जाऊन वर्ष झाले नव्हते, तिला कोणी बोलेल, म्हणून काकूने आपले नाव सांगितले आणि पुढे तेच चालवले.

हे परीक्षेआधी कळवू नका, नाहीतर पोरीचे उदाहरण मोडेल, असे तिनेच सांगितले. म्हणून लिहिले नाही. दुसरे कारण माझे. ते लिहिले असते, तर तिचे सांगण्याजोगे माझ्यापाशी काही उरले नसते. त्या दिवसांत मला ते झेपले नसते.

यशोदाबाईंना अजून बोललो नाही. ते तू आल्यावर तूच सांग. सूनबाई माहेरी सिन्नरला गेली आहे, तेव्हा आमटी सध्या मी करतो आणि ती अळणी होते. लोभ इथे तसाच ठेवला आहे. ये, आणि मीठ तू घाल.

तुझा काका,
चिंतामण