जहाजावरचं नाव

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा चेहरा आठवायला बसलं की मधेच दुसरा कुणाचा तरी येतो. शब्द मात्र जसेच्या तसे आहेत. आज सकाळी नातीला म्हटलं, जरा जावा कर गं, तर ती माझ्याकडे बघतच राहिली. मग तिला सांगावं लागलं, की अमेरिकन खलाशी कॉफीला जावा म्हणतात, कारण कॉफी जावा बेटावरून यायची. हे मला कुणी सांगितलं, असं तिनं विचारलं. माझ्या वडलांनी, म्हटलं, आणि तेवढ्यावर थांबले.

तुम्ही जहाजावर गेलात तेव्हा मी लहान होते. मुंबईला एक अमेरिकन मालाचं जहाज लागलं होतं. त्यांचा सुतार वाटेत समुद्रात पडून बुडाला होता आणि त्यांना दुसरा हवा होता. होड्या बांधण्यात तुमचा हात धरणारं काशीदपासून बोर्लीपर्यंत कुणी नव्हतं, तुम्हालाच घेतलं. परत आलात ते मिठाच्या सत्याग्रहाच्या पुढच्या वर्षी. तोवर तुमचे आईवडील गेलेले, आणि मी परकर सोडून लुगड्यात आलेली.

अजून डोळ्यांसमोर आहे. घरात बाई असताना पुरुषमाणूस चुलीशी बसलाय, खोबरेल तेलात पिठाची कडी तळतोय, आणि आई मोरीजवळ उभी राहून बघतेय. "याला सिंकर म्हनतात," तुम्ही मला सांगताय. "आपल्या जाळ्याला शिशाची वजनं असतात ना, त्यांचं नाव. खाल्लं की तसंच पोटात खाली जाऊन बसतं." मी हसून हसून बेजार. मग तुम्ही जहाजावरच्या माणसांची नावं सांगता. टकल्याला कर्ली, म्हणजे कुरळ्या. ढेरपोट्या भटाऱ्याला स्लिम, म्हणजे काटकुळा. तारा पाठवणारा तो स्पार्क्स, त्याच्या यंत्रातून ठिणग्या उडायच्या म्हणून.

"आनि तुमाला?" मी विचारते.

"चिप्स. लाकडाच्या ढलप्यांवरून. बोटीच्या कुटल्याबी सुताराला तेच. माज्या आधी बुडाला तो पन चिप्सच. मानूस बदलला तरी नाव बोटीवरच ऱ्हातं."

त्या बुडालेल्याच्या गमती तुम्ही रंगवून सांगायचात. तो कॉफीत मीठ घालायचा. करवत लावण्याआधी फळीवर बोटानं टकटक करायचा, आत कुणी आहे का विचारल्यासारखं. पहिल्याच दिवशी त्याचाच कॉफीचा मग तुमच्या हातात देऊन खलाशी म्हणाले होते, घे चिप्स, तुझं मीठ. एवढं सांगून तुम्ही खो खो हसलात. आई हसली नाही. ती तुमच्या हाताकडे बघत होती. तुम्ही बोलता बोलता कॉफीच्या कपात मिठाची चिमूट टाकलीत आणि ढवळलीत.

त्यानंतर मला सगळंच दिसायला लागलं. तुम्ही फळीवर टकटक करायचात. एके काळी खाडी पोहून जाणारे तुम्ही, आता गुडघाभर पाण्यात पाय घालायला नको म्हणून बांधावरून लांबचा वळसा घ्यायचात. आईनं "अवो" म्हणून हाक मारली तर ऐकू जायचं नाही, पण गल्लीतलं पोर "चिप्या" म्हणून ओरडलं की लगेच मान वळायची. गावानं तेच नाव लावलं होतं. एरवी तुम्ही माझ्याशी फार चांगले वागायचात. जहाजावर जाण्याआधीचे बाबा मला मारायचे, तुम्ही कधी बोटही लावलं नाहीत. म्हणून मला तुम्ही आवडायचात, आणि आवडता याची भीती वाटायची.

आई वाळत चालली होती. शेवटी ती शेजारच्या म्हाताऱ्या आत्याकडे गेली. आत्या म्हणाली, "त्याला त्याच्या नावानं हाक मार. आई न्हाय, बापूस न्हाय, गाव चिप्या म्हनतंय. त्याचा खरा नाव घेनारा हाय कोन आता?" आई रडकुंडीला आली. नवऱ्याचं नाव तिनं लग्नातल्या उखाण्यानंतर कधी तोंडातून काढलं नव्हतं. बायकोनं नाव घेतलं तर नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, हेच ती शिकलेली.

तरी तिनं घेतलं. दिवेलागण झाली होती. तुम्ही पाटावर जेवत होतात, मी वाढत होते. आई मागच्या दाराच्या उंबऱ्यावर उभी होती, समुद्राकडे तोंड करून, कारण तुमच्याकडे बघून ते नाव घ्यायची तिला लाज वाटत होती. तिनं डोळे मिटले आणि मोठ्यानं हाक मारली.

तुम्ही मान वर केली नाहीत. पण बाहेरून, पाण्याच्या बाजूनं, कुणीतरी ओ दिली. लांबलचक, होडीतून देतात तशी. तो आवाज मी लहानपणी रोज ऐकला होता.

तुमच्या हातातला घास तसाच राहिला. तुम्ही आईकडे नाही, दाराकडे बघितलंत. आणि इतक्या हळू बोललात, की मला वाटलं तुम्ही रडताय.

"परत बोलावू नको त्याला. तो आला तर मी कुटं जाऊ?"

आई किती वेळ उभी होती कोण जाणे. एकदा तिनं बाहेर पडायला पायही उचलला होता. मग तिनं दार लोटलं, कडी घातली, माझ्या हातातला भात घेतला आणि तुमच्या पानात वाढला. "जेवा," म्हणाली. तिनं ते नाव पुन्हा घेतलं नाही.

तुम्ही माझं लग्न करून दिलंत, माझ्या पोरांना खेळवलंत, आणि अंथरुणावर शांतपणे गेलात. बायका आईचं कुंकू पुसायला आल्या तेव्हा तिनं त्यांचे हात झटकले. "माजा नवरा कुटं मेलाय?" म्हणाली. लोकांना वाटलं, दुःखानं डोकं फिरलं. मरेपर्यंत ती कुंकू लावत होती.

आई गेल्यावर मी याच घरात राहायला आले. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, चुलीत जाईल. तुम्ही माझ्यावर माया केलीत, मी तुमच्यावर केली, त्यात काही खोटं नव्हतं. तुमच्या शब्दाबाहेर मी गेले नाही. त्याला कधी हाक मारली नाही. दिवे लागले की मागचं दार न चुकता लोटून घेते. फक्त कडी घालत नाही.